गोदीचं कुलूप आणि घटनेचं अक्षर

(युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. दिवसा गोदीत काम, रात्री कविता. अमेरिकेतल्या पुराणमतवाद्यांवर बोल, त्यांचं राजकारण, युद्ध आणि कोर्ट यांबद्दल काय म्हणणं आहे ते मांड, असं मला सांगण्यात आलं तेव्हा वाटलं, हे प्राध्यापकाचं काम. आपण ओझी उचलणारी माणसं. पण वाचायला बसलो आणि पहिल्याच पानावर गोदीच सापडली. म्हणून गोदीपासूनच सुरू करतो.

साल २००२. अमेरिकेचा पश्चिम किनारा. सिअॅटलपासून सॅन दिएगोपर्यंत २९ बंदरं, सुमारे साडेदहा हजार गोदी कामगार. मालकांना नवं यंत्र, नवा कॉम्प्युटर आणायचा होता. त्या कॉम्प्युटरवरच्या नोकऱ्या आमच्या युनियनकडेच राहिल्या पाहिजेत, असं कामगारांचं म्हणणं. बोलणी फिसकटली. कामगार मुद्दाम काम रेंगाळवतात असा आरोप करून सप्टेंबरअखेरीस मालकांनी गोद्यांना कुलूप ठोकलं. नीट ऐका, हा संप नव्हता. ही टाळेबंदी होती. दहा दिवस जहाजं पाण्यात उभी. मग धाकटे बुश उठले आणि ८ ऑक्टोबरला सरकार कोर्टात गेलं. हातात १९४७ सालचा टाफ्ट-हार्टले कायदा. या कायद्याने सरकार कोर्टामार्फत ८० दिवस तंटा थांबवू शकतं. कारण काय दिलं? देशाची अर्थव्यवस्था आणि लष्कराचा माल. युनियन सांगत होती की लष्कराचा माल आम्ही तसाही चढवतो. कोण ऐकतो? त्याच दिवशी हुकूम निघाला. कुलूप मालकांनी लावलेलं, आणि 'नेहमीच्या वेगाने काम करा' ही ताकीद कामगारांना! त्याच आठवड्यात, १० आणि ११ ऑक्टोबरला, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी बुशला इराकवर चाल करून जायची मुभा दिली.

राजकारण, युद्ध, कोर्ट. तिघंही एकाच धक्क्यावर येऊन उभी राहिली. आता या तिघांबद्दल तिथला पुराणमतवादी माणूस काय म्हणतो ते बघू. शिव्या नंतर घालू. आधी त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकल्यासारखं ऐकू. शत्रूचा युक्तिवाद ज्याला नीट सांगता येत नाही, त्याला तो खोडताही येत नाही.

तो म्हणतो : सरकार लहान असावं. माणसाच्या दुकानात, घरात, खिशात त्याने हात घालू नये. कायदे लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी करावेत. सुप्रीम कोर्टात नऊ माणसं बसतात, ती जन्मभरासाठी नेमलेली, त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही. त्यांनी कायदे करू नयेत, फक्त वाचावेत. आणि वाचायचे कसे? ज्या साली ते अक्षर लिहिलं गेलं त्या साली त्याचा जो अर्थ होता, तोच अर्थ. न्यायाधीशाने स्वतःच्या मनातला अर्थ त्यात कोंबू नये.

खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटलं. निवडून न आलेली नऊ म्हातारी माणसं कोट्यवधींचं नशीब ठरवतात, हे मलाही खटकतं. तुम्हालाही खटकलं पाहिजे. तेव्हा हा माणूस मूर्ख नाही. त्याची मोजपट्टी वाईट नाही. प्रश्न एवढाच की ही मोजपट्टी तो सगळीकडे लावतो का? गोदीत आम्ही काट्यावर वजन करतो. व्यापाऱ्याचा काटा खोटा आहे की नाही हे त्याच्या भाषणावरून कळत नाही. घेताना आणि देताना काटा सारखाच आहे का, ते बघावं लागतं. चला, काटा बघू.

१८५७. ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम. गुलामगिरीला बंदी असलेल्या मुलखात तो राहून आलेला. मी आता स्वतंत्र माणूस, असं म्हणत तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. सरन्यायाधीश रॉजर टॅनी म्हणाला, घटना लिहिली गेली तेव्हा काळ्या माणसाला कुणी नागरिक मानत नव्हतं, म्हणून आजही तो नागरिक नाही. बघा, जुन्या अक्षराचा जुना अर्थ! आजचा पुराणमतवादी म्हणेल, टॅनीने इतिहासच चुकीचा वाचला. त्यात तथ्य आहे. घटना झाली तेव्हा काही राज्यांत स्वतंत्र काळे पुरुष मतदान करत होते, हे त्याच कोर्टातल्या विरोधी न्यायाधीशांनी दाखवून दिलं होतं. पण मग एवढं तरी कबूल करा की 'त्या वेळचा अर्थ' हा कपाटात ठेवलेला दगड नाही. तोही कुणाच्या तरी हातात असतो.

तो निकाल कोर्टाने पुसला नाही. तो युद्धाने पुसला. सहा लाखांहून जास्त माणसं मेली, तेव्हा १८६५ साली तेरावी घटनादुरुस्ती येऊन गुलामगिरी गेली, १८६८ साली चौदावी येऊन समान संरक्षण मिळालं, १८७० साली पंधरावी येऊन मताचा हक्क मिळाला. आणि कोर्टाने काय केलं? १८९६ साली प्लेसी खटल्यात सांगितलं की काळ्यांचा डबा वेगळा, गोऱ्यांचा वेगळा, पण दोन्ही समान, तेव्हा तक्रार कसली! एकट्या न्यायमूर्ती हार्लनने विरोध केला. तो म्हणाला, आपली घटना रंगआंधळी आहे. हा शब्द लक्षात ठेवा. तो पुढे परत येणार आहे, वेगळे कपडे घालून.

१९५४ साली ब्राऊन खटल्यात कोर्टाने एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५६ साली दक्षिणेतल्या शंभर-एक खासदारांनी जाहीरनामा काढला. त्यात काय लिहिलं? घटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. ज्या काँग्रेसने चौदावी दुरुस्ती मांडली, तिनेच राजधानीत वेगळ्या शाळांची सोय केली होती, मग तिचा अर्थ एकत्र शाळा असा कसा होईल? पुन्हा तेच, जुन्या अक्षराचा जुना अर्थ. सही करणारे बहुतेक सगळे तेव्हाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे, हेही लपवायचं कारण नाही. सरन्यायाधीश अर्ल वॉरनला हाकला, असे फलक जॉन बर्च सोसायटीने रस्तोरस्ती लावले.

आणि एक गोष्ट. १९५२ साली विल्यम रेनक्विस्ट नावाचा तरुण वकील सुप्रीम कोर्टात एका न्यायमूर्तीचा मदतनीस होता. त्याने टिपण लिहिलं की प्लेसीचा निकाल बरोबरच होता, तो कायम ठेवावा. पुढे विचारलं तर म्हणाला, ते माझं मत नव्हतं, साहेबांसाठी लिहिलं होतं. १९७२ साली तो स्वतः न्यायमूर्ती झाला. १९८६ साली सरन्यायाधीश.

आता सरकार लहान असावं, या मताकडे या. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आला. हॉटेल, खाणावळ, थिएटर, कुठेही रंगावरून दार बंद करता येणार नाही. रिपब्लिकन सिनेटर बॅरी गोल्डवॉटरने विरोधात मत दिलं. म्हणाला, मी रंगभेदवाला नाही, पण दुकानदाराने कुणाला माल द्यावा हे सरकारने सांगू नये. असेल, तो मनाने चांगला असेल. पण उपाशी काळ्या माणसाला खाणावळीच्या दारातून हाकललं जातं तेव्हा हाकलणाऱ्याचं मन शुद्ध आहे की नाही, याने त्याचं पोट भरतं का? त्या वर्षी गोल्डवॉटर अध्यक्षपदाला उभा राहिला आणि सपाटून आपटला. स्वतःचं अॅरिझोना सोडलं तर फक्त पाच राज्यं त्याने जिंकली. पाचही खोल दक्षिणेतली. त्याचं तत्त्व काय होतं ते त्याला माहीत. मत देणाऱ्यांना त्यातलं काय हवं होतं, ते नकाशाच सांगतो.

आणखी एक काटा. बंदूक. ऑकलंड, हेही बंदराचंच शहर. १९६६ साली तिथे ब्लॅक पँथर उभे राहिले, ज्यांचं नाव १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी उचललं. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने भरलेली बंदूक उघडपणे बाळगता येत होती. तेव्हा पँथर बंदुका घेऊन पोलिसांच्या मागे फिरायचे, पोलीस काळ्या माणसाला कसे वागवतात ते बघायला. लगेच एका रिपब्लिकन आमदाराने त्याविरुद्ध विधेयक आणलं. मे १९६७ मध्ये पँथर बंदुकांसह विधिमंडळात गेले. काही आठवड्यांत विधेयक पास. सही कुणाची? राज्यपाल रोनाल्ड रेगनची. तोच रेगन, ज्याच्या तसबिरीला आजचा पुराणमतवादी हार घालतो. आणि २००८ साली हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच पुराणमतवादी न्यायमूर्तींनी सांगितलं, बंदूक बाळगणं हा प्रत्येक नागरिकाचा मूळ हक्क. अक्षर तेच, १७९१ सालचं. १९६७ साली ते कुणाला आठवलं नाही.

आता युद्ध. अमेरिकेच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय, युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा. अर्थ लावायची गरजच नाही. शेवटचं युद्ध काँग्रेसने रीतसर जाहीर केलं १९४२ साली. त्यानंतर कोरिया झालं, व्हिएतनाम झालं, अफगाणिस्तान झालं, दोनदा इराक झालं. कधी ठराव, कधी मुभा, कधी तेही नाही. जुन्या अक्षरावर जीव टाकणाऱ्यांना मला विचारायचंय, इथे तुमचं अक्षर कुठे जातं? सरकार लहान हवं म्हणता, आणि तेच सरकार दहा हजार मैलांवर विमानं घेऊन गेलं की ते मोठं वाटत नाही?

पण खोटं बोलायचं नाही, दोस्तांनो. हा प्रश्न त्यांच्यातल्या काहींनीही विचारलाय. ज्या रॉबर्ट टाफ्टच्या नावाने गोदीवर कोर्टाचा हुकूम आला, तो टाफ्ट पुराणमतवाद्यांचा पुढारी. कामगारांचा वैरी. त्याच टाफ्टने १९४९ साली नाटो कराराविरुद्ध मत दिलं. १९५० साली अध्यक्ष ट्रुमनने काँग्रेसला न विचारता कोरियात सैन्य घातलं, तेव्हा टाफ्टने सिनेटमध्ये उभं राहून विचारलं, हा अधिकार कुठून आणला? २००२ साली पॅट ब्युकॅनन आणि त्याच्या सोबत्यांनी इराक युद्धाच्या विरोधात मासिकच काढलं. त्यांची बाकीची मतं ऐकली तर आपण त्यांच्या दारात उभे राहणार नाही. पण इराकच्या बाबतीत ते खरे ठरले. ज्या महाभयंकर अस्त्रांसाठी युद्ध केलं, ती सापडलीच नाहीत.

आणि दुसरी बाजूही धुतल्या तांदळाची नाही. व्हिएतनामात लाखो पोरं पाठवणारा जॉन्सन, नागरी हक्कांच्या कायद्यावर सही करणाराही तोच जॉन्सन. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या एक लाखाहून जास्त माणसांना छावण्यांत कोंडलं ते उदारमतवाद्यांच्या लाडक्या रूझवेल्टने. १९४४ साली त्याला मान दिली ती त्यानेच नेमलेल्या कोर्टाने. युद्धाचा नगारा वाजला की कोर्टाचे कान बंद होतात. डावं-उजवं काही नाही.

कधी कधी कान उघडतातही. मुहम्मद अलीने १९६७ साली लष्करात जायला नकार दिला. विजेतेपद गेलं, पाच वर्षांची शिक्षा झाली. १९७१ साली सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य मतांनी ती रद्द केली. पण मधली साडेतीन वर्षं, अंगात वीज खेळत होती ती वर्षं, त्याला रिंगणाबाहेर ठेवलं ते कुठल्या निकालाने परत मिळाली? आणि हेही बघा. तोवर देशच युद्धाला विटला होता. रस्ते माणसांनी भरले होते. कोर्ट पुढे आणि लोक मागे, असं तिथे घडलं नाही.

आता आपल्या जिव्हारी लागणाऱ्या गोष्टीकडे येतो.

१९६५ सालच्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतल्या राज्यांना सांगितलं होतं, मतदानाचे नियम बदलायचे तर आधी केंद्राची परवानगी घ्या. २००६ साली काँग्रेसने तो कायदा पुन्हा वाढवला. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य! कायदे निवडून आलेल्यांनी करावेत, असंच म्हणणं होतं ना? ९८ विरुद्ध शून्य याहून जास्त निवडून आलेलं काय असतं? २०१३ साली शेल्बी काउंटी खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टाने त्या कायद्याचा कणा काढला. म्हणे आता परिस्थिती बदलली. न्यायमूर्ती गिन्सबर्ग विरोधात म्हणाली, भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकण्यासारखं आहे हे. निकालाच्याच दिवशी टेक्सासने मतदारांच्या ओळखपत्राचा अडलेला कायदा लागू होतोय म्हणून जाहीर केलं.

आणि मग २९ जून २०२३. हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत प्रवेश देताना वंशाचा विचार करणं कोर्टाने बंद केलं. कुठला शब्द घेऊन? रंगआंधळी घटना. १८९६ साली काळ्यांना डब्यातून हाकलण्याविरुद्ध जो शब्द एकट्या माणसाने उच्चारला, तोच आता काळ्या पोरांच्या वर्गात येण्याविरुद्ध! पण त्या निकालाला एक तळटीप होती. लष्करी अकादम्यांचा प्रश्न आम्ही ठरवत नाही. न्यायमूर्ती जॅक्सन, त्या कोर्टात बसलेली पहिली काळी बाई, तिने याचा अर्थ उलगडून सांगितला : वैविध्य हवं ते खंदकात, साहेबांच्या बैठकीच्या खोलीत नको. मरायच्या रांगेत रंग दिसतो, शिकायच्या रांगेत डोळे मिटतात. २०२५ साली ट्रम्प सरकारने लष्करी अकादम्यांचं दारही लावून टाकलं, तो भाग वेगळा.

या निकालाच्या बाजूने सर्वात त्वेषाने लिहिलं कुणी? क्लॅरेन्स थॉमसने. जॉर्जियातल्या गरीब काळ्या वस्तीत जन्मलेला. ज्या थरगुड मार्शलने ब्राऊन खटला लढवला, त्याच्याच खुर्चीवर १९९१ साली बसलेला. तुमच्यातले काही म्हणतील, गद्दार! मी तसं म्हणून मोकळा होणार नाही. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की येलची पदवी मिळाली पण वकिलांच्या कचेऱ्यांत कुणी विश्वास ठेवेना, सगळे समजायचे काळा म्हणून प्रवेश मिळाला. त्याने पदवीच्या चौकटीवर पंधरा सेंटची चिकटपट्टी लावली. तेवढीच तिची किंमत!

ही चिकटपट्टी तुम्ही कुणी पाहिली नाही का? हॉस्टेलवर, ऑफिसात, मुलाखतीच्या टेबलावर? 'तुमचं काय बाबा, तुम्ही कोट्यातले.' ते ऐकून आपल्यातल्या कितीजणांना वाटलंय की नको तो कोटा, ही जागाच सोडून द्यावी? थॉमसची जखम खरी आहे. चुकलंय ते निदान. अपमान जागेने केला नाही. अपमान त्या कचेऱ्यांत बसलेल्यांच्या डोळ्यांनी केला. त्याने डोळ्यांवर खटला भरायच्या ऐवजी जागेवर भरला, आणि पुढच्या पोरांची जागा गेली. डोळे आहेत तिथेच आहेत.

हा 'रंगआंधळा' युक्तिवाद आपल्याकडेही जुनाच. १९५१ साली मद्रास सरकारचा जातवार प्रवेशाचा हुकूम आपल्या सुप्रीम कोर्टाने चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द केला. त्याच वर्षी, बाबासाहेब कायदामंत्री असताना, पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ मध्ये चौथं पोटकलम आलं. म्हणून आपण शाळा-कॉलेजात दिसतो. अमेरिकेत घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची संमती लागते. म्हणून तिथे कोर्टात जो बसतो तोच घटना. पण आपण निश्चिंत झोपावं असं काही नाही. गुणवत्ता, जातीच्या पलीकडे, सगळ्यांना एकच नियम, हे शब्द आपल्या कानावर रोज पडतात. बोलणारा कुठे उभा राहून बोलतो ते बघा, आणि काटा बघा.

शेवटचं. मला या पुराणमतवाद्यांकडून एक गोष्ट शिकायची आहे. हसू नका. १९८२ साली येल आणि शिकागोच्या कायद्याच्या पोरांनी फेडरलिस्ट सोसायटी नावाची संघटना काढली. विद्यार्थी होते. आपल्याच वयाचे. विद्यापीठांत आपलं कुणी ऐकत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांनी अभ्यासवर्ग घेतले, वादविवाद घेतले, एकमेकांना वर चढवलं. पैसेवाले पाठीशी होते हे खरं. पण नुसत्या पैशाने चाळीस वर्षं कुणी टिकत नाही. आज त्या कोर्टात नवातले सहा रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले आहेत. आणि आपण? एक सभा, दोन गट. एक निवडणूक, चार गट. एक अंक काढतो आणि छापखान्याचं बिल कोण देणार यावरून बोलणं बंद. त्यांच्याकडे अन्यायाची चिकाटी आहे. आपल्या न्यायाला चिकाटी कधी येणार?

कोर्टात जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा. प्रत्येक खटला लढा. मार्शलने लढला म्हणून ब्राऊनचा निकाल आला. पण निकाल घरी आणून भिंतीवर टांगला म्हणजे हक्क मिळाला, असं समजू नका. पाच विरुद्ध चारने मिळालेलं पाच विरुद्ध चारने जातं. मध्ये एक माणूस म्हातारा होतो, बस्स, एवढंच निमित्त.

परत गोदीवर येतो आणि थांबतो. १ मे २००८. तीच पश्चिम किनाऱ्याची २९ बंदरं, तेच कामगार. इराकमधलं युद्ध थांबवा म्हणून त्यांनी दिवसपाळीचं काम बंद ठेवलं. लवादाने सांगितलं होतं, असं करता येणार नाही. त्यांनी केलं. क्रेन उभ्या, ट्रक उभे, जहाजं उभी. युद्ध त्या दिवशी थांबलं नाही. तसा दावा मी करत नाही. पण सहा वर्षांपूर्वी ज्या हातांना कोर्टाने सांगितलं होतं की युद्ध येतंय, नेहमीच्या वेगाने काम करा, त्याच हातांनी एक दिवस दाखवून दिलं की वेग कुणाच्या मनगटात असतो.

उद्या सकाळी माझी पाळी आहे. तुमचीही कुठेतरी असेलच. वाचा, एकत्र या, आणि काटा तपासत राहा.

जय भीम.